टोकन देण्याआधी जरा छताकडे बघा!

ब्रोकर रूम दाखवतो तेव्हा साधारण काय होतं? तो कुलूप उघडतो, सगळे दिवे लावतो आणि 'स्टेशन पाच मिनिटांवर' असं ठोकून देतो. तुम्ही बाल्कनीतून एक फोटो काढून घरी पाठवता आणि टोकन देऊन मोकळे होता. ठाणे-डोंबिवलीचं भाडं झेपत नाही म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला रूम शोधणाऱ्या आपल्यासारख्यांचं बहुतेक असंच चालतं. नळ गळतोय हे सामान आणल्यावर कळतं. ठीक आहे, प्लंबर येतो, नळ दुरुस्त होतो. पण प्रत्येक दोष प्लंबरच्या हातातला नसतो.

28 मे 2021. उल्हासनगर कॅम्प 2, नेहरू चौकाचा परिसर. रात्री साईशक्ती इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब सोबत घेत थेट तळमजल्यापर्यंत आला. सात जणांचा जीव गेला. तेराच दिवस आधी कॅम्प 1 मधल्या मोहिनी पॅलेसमध्येही स्लॅब कोसळून माणसं गेली होती. 1990च्या दशकात घाईघाईत, निकृष्ट उलवा रेती वापरून बांधलेल्या इमारतींचा विषय तेव्हा शहरभर गाजला. अशा इमारतींतल्या रूम आजही भाड्याने मिळतात, आणि नवीन रंग मारला की छान दिसतात.

म्हणून आधी जिना, मग रूम. पार्किंगमधले खांब आणि जिन्याखालचा स्लॅब बघा, कारण तिथे कोणी रंगाचा खर्च करत नाही. सिमेंट सुटून गंजलेल्या सळया दिसतायत? खांबाला उभी, लांब भेग आहे? शक्य असेल तर वरच्या मजल्यावर कोणी फरशी बदलतंय का, भिंत पाडतंय का, तेही विचारा. रूममध्ये फक्त बाथरूमलगतच्या भिंतीला आणि छतालाच ताजा रंग असेल, तर तो पोपडे झाकायला मारलाय असं खुशाल समजा.

दारं-खिडक्या उघडून-लावून बघा. हसू नका! ऑगस्ट 2019 मध्ये उल्हासनगरच्याच महक अपार्टमेंटमध्ये दारं अडकायला लागली, भेगा दिसल्या आणि रहिवाशांना बाहेर काढण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी इमारत खाली आली, पण आत कोणी नव्हतं. एखादं दार पावसाने फुगतं, ते वेगळं. दोन-तीन दारं एकदम अडकत असतील तर मात्र तिथून निघा.

पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात 'सी-1' म्हणजे रिकामी करून पाडायची, 'सी-2 ए' म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. इमारतीचं नाव यादीत आहे का बघा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं ते विचारा. महापालिका हद्दीत 30 वर्षांपुढच्या इमारतीला ते बंधनकारक आहे. 'कशाला पाहिजे तुम्हाला?' असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच आहे.

बदलापूर पश्चिमेला, विशेषतः हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागात तळमजला स्वस्त मिळाला तर आधी उल्हास नदी किती लांब आहे ते बघा. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, तेव्हा बदलापुरात घरांमध्येही पाणी शिरलं होतं. खालच्या सॉकेटचे स्क्रू गंजलेत का, कंबरेपर्यंतच नवा रंग आहे का, बघा. शेजारच्या किराणावाल्या काकांना 'पाणी कुठवर आलेलं?' एवढं विचारा. ते हात लावून उंची दाखवतील. (ब्रोकर नाही दाखवणार!)

सगळं ठीक वाटलं तर संध्याकाळी, पाणी येण्याच्या वेळेला परत जा. नळ सोडा, फ्लश करा. आधीचं वीजबिल मागून थकबाकी बघा. किरकोळ दोष असतील तर मालकासमोर व्हिडिओ काढा, त्याच दिवशी त्यांना व्हॉट्सअॅप करा आणि दुरुस्ती कोण करणार हे लीव्ह अँड लायसन्सच्या करारात लिहून घ्या. तो करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाची जबाबदारी आहे. तोंडी 'करून देतो ना' डिपॉझिट परत मागताना कोणाला आठवत नाही.

एवढं सगळं विचारलंत की ब्रोकर वैतागेल. 'उद्या दुसरी पार्टी येतेय बघायला' म्हणेल. येऊ दे की.