प्रीप्रिंटची पाकिटे

१९९१च्या आधी पदार्थविज्ञानातले नवे काम जगभर पोचायचे ते पोस्टमनच्या पिशवीतून. नियतकालिकात छापून येईपर्यंत कित्येक महिने जात, आणि तोवर धीर कुणाला? म्हणून लेखाच्या प्रती काढून ओळखीच्या संस्थांना धाडत. हे प्रीप्रिंट. कुणाला पाठवायचे ही पाठवणाऱ्याची मर्जी. प्रिन्स्टनच्या टेबलावर जुने झालेले पाकीट कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आठवड्यांनी उगवायचे. यादीत नाव नसलेल्या कॉलेजात तर कधीच नाही.

डोनाल्ड नुथ यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीमुळे समीकरणे साध्या अक्षरांत लिहिता येऊ लागली आणि अख्खा लेख ई-मेलने जाऊ लागला. प्रिन्स्टनच्या जोअ‍ॅन कोन स्ट्रिंग सिद्धांताचे लेख असेच सहकाऱ्यांना पाठवत. पण त्यातून वेगळीच पंचाईत निघाली. १९९१च्या जूनमध्ये कोलोराडोतल्या अ‍ॅस्पेनला टाटा संस्थेचे स्पेंता वाडिया आले होते. त्यांची काळजी अगदी संसारी: मी प्रवासात असताना येणाऱ्या लेखांनी संगणकावरची माझ्या वाट्याची जागा भरून गेली तर? भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी ते ऐकले. लेख एकाच ठिकाणी ठेवावेत, ज्याला हवा त्याने मागवावा, ही कल्पना तिथून निघाली. १४ ऑगस्टला लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत ती चालूही झाली. वर्षाला शंभरेक लेख येतील, असा अंदाज होता. तो फारच भित्रा ठरला. (मुंबईच्या सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते त्यानंतर चार वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ला.)

फेब्रुवारी १९९४मध्ये टाटा संस्थेच्या अशोक सेन यांनी कुलाब्यातून प्रबळ-दुर्बळ द्वैताच्या (प्रबळ आंतरक्रियेचे चित्र दुर्बळ आंतरक्रियेच्या चित्राशी जुळते, या कल्पनेच्या) बाजूने पुरावा देणारा लेख तिथे टाकला. पाकिटांच्या जमान्यात तो कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिला असता कोण जाणे! इथे प्रिन्स्टनने आणि अलाहाबादने तो एकाच सुमारास वाचला. द्वैताकडे पाहण्याची अनेकांची नजर त्याने बदलली.

तरी समता आली ती वाचण्यापुरतीच, असे माझे मत. चहाच्या टेबलावरची अर्धवट कल्पना, फळ्यावर खोडलेले समीकरण या कोठारात येत नाही. त्यासाठी आजही विमानाचे तिकीट लागते.

पुढे या कोठाराला ‘आर्काइव्ह’ नाव पडले, २००१मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठाकडे गेले. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी २००२पासून प्वांकारेच्या अनुमानाची सिद्धता तिथेच ठेवली आणि नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. २०२२च्या सुरुवातीला लेखांची संख्या वीस लाखांवर गेली. आता तक्रार आहे ती नव्या लेखांची रोजची यादी वाचून होत नाही, ही.