अठ्ठेचाळीस दिवसांची सुट्टी

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बेंगळूरुचे रस्ते एका सकाळी अचानक मोकळे वाटू लागतात. पिवळ्या शाळा-बसगाड्या दिसेनाशा होतात, चौकातली सकाळची कोंडी ओसरते आणि आमच्या इमारतीतली मुले दहा वाजेपर्यंत झोपून राहतात. कर्नाटकातील सरकारी व राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे ११ एप्रिलला सुरू होते आणि २८ मे रोजी संपते. हे अठ्ठेचाळीस दिवस झाले. ते कमी की जास्त, हा वाद दर उन्हाळ्यात रंगतो. पालकांना ही सुट्टी फार वाटते, शिक्षकांना अपुरी वाटते आणि मुलांना कोणी विचारत नाही.

इतिहास विषयात पदव्युत्तर शिक्षण झाल्यामुळे, कोणतीही प्रथा दिसली की ती केव्हापासूनची, असे विचारण्याची खोड मला लागली आहे. उन्हाळी सुट्टीबाबत सर्रास सांगितले जाते, की शेतीच्या कामांसाठी मुलांना मोकळीक मिळावी म्हणून ती निर्माण झाली. अमेरिकेपुरती तरी ही समजूत खरी नाही. केनेथ गोल्ड यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की एकोणिसाव्या शतकात तेथील ग्रामीण शाळा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरत. पेरणी व कापणीच्या हंगामात, म्हणजे वसंतात आणि शरदात, त्या बंद असत. शहरांतील शाळा तर जवळजवळ वर्षभर चालत. आजची लांबलचक सुट्टी या दोहोंचा मेळ घालताना प्रशासकांनी बसवलेली आहे.

आपल्याकडची जुनी रीत तर याहून निराळी होती. धर्मशास्त्रात अनध्यायाचे दिवस सांगितले आहेत. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे त्यांतले ठरलेले. शिवाय अकाली मेघगर्जना झाली तरी अध्ययन थांबे. मनुस्मृतीप्रमाणे वेदाध्ययनाचे सत्र श्रावणात किंवा भाद्रपदात सुरू होऊन साडेचार महिने चाले. म्हणजे विश्रांती महिनाभर विखुरलेली आणि अभ्यासाचा आरंभ पावसाळ्यात. १८२२ साली मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी देशी शाळांची माहिती मागवली, तेव्हा बळ्ळारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी पुढच्या वर्षी पाठवलेला अहवाल आजही वाचनीय आहे. त्यांच्या जिल्ह्यात ५३३ शाळा होत्या. त्यांपैकी २३५ कन्नड, २२६ तेलुगू आणि २३ मराठी. शाळा पहाटे सहाच्या सुमारास भरे. सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर मानाचे चिन्ह म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत आणि उशिरा येणाऱ्याला क्रमाने वाढत्या छड्या मिळत. (हाच नियम सचिवालयात लागू असता, तर माझ्या तळहातावर सरस्वती फारशी उमटली नसती.) उन्हाचा बंदोबस्त त्या शाळांनी घड्याळाने केला होता. दिनदर्शिकेने उन्हाळा टाळण्याची सवय बहुधा त्या राजवटीची, जिने १८६४ पासून उन्हाळ्यात आपली राजधानीच सिमल्याला हलवली.

आता प्रश्न असा, की उन्हाळा कोणाचा धरायचा? बेंगळूरुचा पारा मार्च-एप्रिलमध्ये चढतो. २४ एप्रिल २०१६ रोजी येथे ३९.२ अंशांची नोंद झाली, २०२४च्या एप्रिलअखेरीस ३८.५ अंशांची. मे महिन्यात वळवाच्या सरी येतात आणि शहर निवते. याउलट कलबुर्गी, रायचूर भागात मे हाच सर्वांत कठीण महिना असतो. तेथील आणि विजयपूर, बागलकोट या जिल्ह्यांतील सरकारी कार्यालये एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ ते दुपारी दीड या वेळेत चालतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. दक्षिण कन्नड, उडुपी आणि कोडगू येथे तर जुलैच्या पावसात जिल्हाधिकाऱ्यांना सकाळी उठून त्या दिवसाची सुट्टी जाहीर करावी लागते आणि पुढे ती शनिवारी भरून काढावी लागते. ऊन, पाऊस आणि वारा यांची तीन निराळी वेळापत्रके असलेल्या राज्यात सुट्टीचे वेळापत्रक मात्र एकच.

महाराष्ट्र या बाबतीत शहाणा ठरला, असे मी म्हणेन. विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात आणि त्यावरून कोणाचे आभाळ कोसळलेले नाही. केरळचे शिक्षणमंत्री व्ही. शिवनकुट्टी यांनी जुलै २०२५ मध्ये, एप्रिल-मेऐवजी जून-जुलैत सुट्टी द्यावी का, असा प्रश्न जाहीर चर्चेसाठी मांडला. त्यावर मतभेद झाले, परंतु प्रश्न योग्य होता. शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडेच सोपवले आहे. कायद्याची अट आहे ती किमान दिवसांची: पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२०. ते दिवस कोणत्या महिन्यांत बसवायचे, हे बेंगळूरुहूनच ठरले पाहिजे असे कायदा कोठेही म्हणत नाही.

सेवेत असताना एका बैठकीत मी विभागवार सुट्टीचा प्रस्ताव मांडला होता. परीक्षा, पाठ्यपुस्तकांची छपाई, शिक्षकांच्या बदल्या अशी तीन कारणे पाच मिनिटांत पुढे आली आणि विषय संपला. तिन्ही कारणे कार्यालयाच्या सोयीची होती. मीही फार भांडलो नाही, हे कबूल करायला हवे.

सुट्टीच्या लांबीहून मला अधिक अस्वस्थ करते ते आणखी एक. राज्याच्या ईशान्येकडील एका जिल्ह्यात मी जिल्हा पंचायतीचा मुख्य कार्यकारी अधिकारी होतो. शाळेत शिजवलेले अन्न देण्याची योजना तेव्हा नवीन होती. कन्नडमध्ये लोक तिला ‘बिसीयूट’, म्हणजे गरम जेवण, म्हणतात. मेच्या पहिल्या आठवड्यात एका गावी पाणीटंचाईची पाहणी करीत असता शाळेच्या ओसरीवर पाच-सहा मुले बसलेली दिसली. दुपारचे साडेबारा वाजले होते. मी विचारले, ‘‘शाळा तर बंद आहे, मग येथे कशाला बसलात?’’ मुले गप्प राहिली. शेजारी राहणारी स्वयंपाकीण म्हणाली, ‘‘सवयीनं येतात, साहेब. वेळ झाली की पाय इकडं वळतात.’’ पुढे तिने सांगितले, की सुट्टीत तिलाही मानधन नसते. ते आजही वर्षातील दहा महिन्यांचेच मिळते.

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ रोजी त्यात भर घातली, की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही ते द्यावे. २०२३ मध्ये कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, त्यामुळे २०२४च्या सुट्टीत रविवार वगळून ४१ दिवस त्या तालुक्यांत जेवण देण्यात आले. म्हणजे व्यवस्था शक्य आहे. पण पाऊस बरा झाला, की आदेशाचा आधारच उरतो कोठे? मजुराच्या घरातील भूक मात्र तालुक्याच्या यादीत नाव आहे की नाही, हे पाहून येत नाही. सप्टेंबर २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस मुलांना अंडे मिळू लागले; सुट्टीत तेही थांबते.

विसरण्याविषयीही दोन शब्द. लांब सुट्टीत गरीब मुलांचे शिक्षण अधिक घसरते, हा निष्कर्ष बाल्टिमोर येथील मुलांच्या दीर्घ अभ्यासातून आला आणि जगभर पसरला. अलीकडे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याच्या मोजमापावर शंका घेतल्या आहेत, म्हणून मी त्यावर सारा भार टाकणार नाही. परंतु आपल्याकडे एक पुरावा घरचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने कर्नाटकासह पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. ९२ टक्के मुलांनी मागील इयत्तेतील निदान एक भाषिक क्षमता गमावली होती, ८२ टक्क्यांनी गणितातील. महासाथीतील बंद आणि सात आठवड्यांची सुट्टी यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण शाळेबाहेर ज्यांना पुस्तकच भेटत नाही, त्यांचे काय होते ते त्यातून दिसले.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. सुट्टीच्या नावाखाली त्यांना उत्तरपत्रिका तपासणे, मतदान, गणना अशी कामे करावी लागतात आणि सुट्टी मिळते म्हणून अर्जित रजा कमी दिली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण अपुरे राहिले म्हणून कर्नाटकातील सरकारी आणि अनुदानित शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ तारखेपर्यंत वाढवण्यात आली. दुसरीकडे विनाअनुदानित शाळा ८ तारखेला भरल्या. एकाच गल्लीतील दोन मुलांपैकी एक वर्गात आणि एक घरी. सुट्टीची लांबी तेथे ना उन्हाने ठरवली, ना पावसाने, ना मुलांच्या गरजेने.

माझे मत विचाराल तर सुट्टी रद्द करू नये. आजोळ, आंबे, विहिरीतले पोहणे यांना मी शिक्षणच मानतो. ती पाच-सहा आठवड्यांची असावी, विभागाच्या हवामानाप्रमाणे असावी आणि उरलेले दिवस पावसासाठी राखून ठेवावेत. ज्या गावात मागणी असेल तेथे दुष्काळ असो वा नसो, शाळेची चूल सुट्टीतही पेटावी आणि स्वयंपाकिणीला बारा महिन्यांचे मानधन मिळावे. मैसूरुच्या रंगायणमधील चिन्नर मेळा किंवा कब्बन पार्कच्या बालभवनातील शिबिरे शहरी मुलांना लाभतात. ग्रामपंचायतीच्या वाचनालयांतही आता उन्हाळी शिबिरे होऊ लागली आहेत. त्या वाचनालयाची खोली बहुतेक गावांत शाळेपासून फार दूर नसते. दुपारी साडेबाराला ओसरीवर बसणाऱ्या मुलांना तेथवर चालत जाता येईल.