डोळा घडवतो आपली खोबण

समजा, सोलापूरच्या पार्क मैदानावर नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यावर चेंडू बसला. डोळा लाल नाही, सूजही बेताचीच. पण पोरगं उलट्या करतंय, नाडी मंदावलीय. घरच्यांना वाटतं, मार डोक्याला लागला. सिव्हिलमधले डॉक्टर मात्र त्याला एवढंच म्हणतात, ‘वर बघ.’ एक डोळा वर जातो, दुसरा जागीच अडतो!

खोबणीच्या तळाचं हाड पातळ असतं. मोठ्या माणसात ते फुटतं आणि उघडंच राहतं. मुलाचं हाड लवचीक. ते तडकून खाली वाकतं आणि झडपेसारखं परत मिटतं. त्या निमिषात डोळा फिरवणारा स्नायू फटीत चिमटला जातो. त्याच्यावरच्या ताणाची वर्दी मेंदूमार्गे हृदयापर्यंत पोचते. म्हणून ती मंद नाडी. ‘पांढऱ्या डोळ्याचं फ्रॅक्चर’ म्हणून ही दुखापत वैद्यकीय नियतकालिकात आली तीही १९९८ साली! स्नायूचा रक्तपुरवठा तुटण्याआधी, शक्यतो एक-दोन दिवसांत, तो सोडवावा लागतो. अशा वेळी ‘डोळा तर चांगला दिसतोय’ ही समजूत फार महागात पडते.

मला त्याहून नवल वाटतं ते खोबणीच्या वाढीचं. तिची हाडं सात. जन्मतः डोळ्याचा व्यास साधारण १७ मिलिमीटर, मोठेपणी २४. वाढता डोळा आतून रेटतो, म्हणून ती हाडं पसरतात. बाळ डोळ्याविना जन्मलं, तर त्या बाजूचा चेहराच मागे राहतो. मग डॉक्टर खोबणीत छोटा साचा बसवतात, काही आठवड्यांनी त्याहून मोठा, मग आणखी मोठा. नसलेल्या डोळ्याचं काम साचा करतो.

खोबणीमागे कवटीचा तळ, त्यापलीकडे मेंदू. तिथे पोचायला मोठ्यांमध्ये सर्जनची दुर्बीण नाकपुडीतून स्फिनॉइड हाडातल्या हवेच्या पोकळीपर्यंत जाते. तान्ह्या बाळात ती पोकळी जवळजवळ नसतेच. वाट ड्रिलनं कोरायची, आणि दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या!

न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आजार असलेल्या काही मुलांत याच स्फिनॉइडचा मोठा तुकडा नसतो. मेंदूच्या प्रत्येक स्पंदनासरशी डोळा हलताना दिसतो. तिथे टायटॅनियमची जाळी किंवा मुलाचंच हाड बसवता येतं. पण जाळी वाढत नाही, मूल वाढतं. म्हणून दृष्टी शाबूत असेल, तर सर्जन कधी कधी हत्यार बाजूला ठेवतात आणि डोळा किती पुढे आला, एवढंच दर तपासणीला मोजत राहतात.