इंजिनाचा मेंदू आणि मालकाचा हक्क

मोटारीच्या इंजिनात कार्ब्युरेटर होता, तोवर इंजिनाची जुळणी हा उघड्यावरचा व्यवहार होता. नाक्यावरचा मेकॅनिक कान देऊन इंजिनाचा आवाज ऐके, 'ॲव्हरेज' हवे की 'पिकअप' हवा एवढे मालकाला विचारी आणि स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवून गाडी लावून देई. त्या निर्णयात उत्पादकाचा वाटा नसे, सरकारचाही नसे. आज तो स्क्रू उरलेला नाही. त्याचे काम हाताच्या तळव्याएवढ्या एका संगणकाकडे गेले आहे. गॅरेजमध्ये त्याला 'ईसीयू' म्हणतात. मराठीत त्याला इंजिन-नियंत्रक म्हणता येईल. हा डबा सहसा उघडून दुरुस्त होत नाही, बदलला जातो. आणि त्यातील आज्ञावली उत्पादकाच्या कुलपात बंद असते. कुलूप आले की किल्ली बनविणाराही येतो, या न्यायाने मूळ नियंत्रकाचे काम फिरविणारे किंवा त्याची जागाच घेणारे त्रयस्थांचे नियंत्रक आता बाजारात आले आहेत. ते बसवावेत की नाही, हा वरवर पाहता हौशी तरुणांपुरता प्रश्न दिसतो. वस्तुतः त्यात मालमत्तेचा हक्क, ग्राहकाचे हित आणि सर्वांच्या श्वासातील हवा असे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

नियंत्रक करतो काय?

१९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या '१६००' या मोटारीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी प्रथम बसविण्यात आली. १९७९ मध्ये इंधनाचे माप आणि ठिणगीची वेळ ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे सोपविणारी यंत्रणा त्याच कंपनीने तयार केली. भारतात हे तंत्र सर्वत्र पसरले ते प्रदूषणाच्या प्रमाणकांमुळे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील नव्या मोटारींना युरो प्रमाणके लागू केली आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरत आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ प्रमाणके देशभर लागू झाली, तेव्हा दुचाकीसुद्धा या नियंत्रकाच्या अमलाखाली आली.

त्याचे मूळ काम समजण्यास अवघड नाही. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरच्या मार्गात बसविलेला संवेदक जळून गेलेल्या वायूतील प्राणवायूचे प्रमाण सतत कळवतो आणि नियंत्रक त्यानुसार फवारणी कमीअधिक करतो. ही काटेकोर तोलामापी केवळ इंधनाच्या बचतीसाठी नसते. धुरातील तीन प्रमुख विषारी घटक एकाच वेळी निष्प्रभ करणारा उत्प्रेरक याच प्रमाणाच्या अगदी जवळपास नीट काम करतो. मिश्रण थोडे 'श्रीमंत' केले, म्हणजे त्यात पेट्रोलचा अंश वाढविला, तर इंजिनाची ताकद वाढते. पण उत्प्रेरक आंधळा होतो. या वादाचे मूळ याच एका वस्तुस्थितीत आहे.

त्रयस्थांचे नियंत्रक तीन प्रकारचे असतात. पहिला जोडनियंत्रक. तो मूळ नियंत्रकाला चिकटून बसतो आणि संवेदकांचे संदेश वाटेतच बदलून मूळ नियंत्रकाची दिशाभूल करतो. दुसऱ्या प्रकारात नवा डबा नसतोच. मूळ नियंत्रकाच्या स्मृतीतील तक्ते पुसून नवे लिहिले जातात. यालाच 'रिमॅप' म्हणतात. तिसरा प्रकार संपूर्ण स्वतंत्र नियंत्रकाचा. दुचाकीचा जोडनियंत्रक काही हजारांत मिळतो. स्पर्धेच्या दर्जाचा स्वतंत्र नियंत्रक लाखाच्या घरात जातो आणि त्याची जुळणी करणारा जाणकार नसेल तर तो निरुपयोगी ठरतो.

जमेची बाजू

या वस्तूंच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. उत्पादक एकच जुळणी लाखो गाड्यांना देतो. लडाखची विरळ हवा, विदर्भाचा उन्हाळा, हलके इंधन आणि निष्काळजी चालक या सर्वांना ती पुरली पाहिजे; म्हणून तो हात राखून जुळणी करतो. चांगले इंधन वापरणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या मालकाला ती राखीव ताकद हवीशी वाटते. टर्बो बसविलेल्या इंजिनात केवळ तक्ते बदलून ताकदीत पाचव्या हिश्शाच्या आसपास वाढ होऊ शकते. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र वाढ नाममात्र असते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

दुसरा मुद्दा अधिक भक्कम आहे. उत्पादन थांबलेल्या जुन्या मोटारीचा नियंत्रक निकामी झाला आणि सुटा भाग मिळेनासा झाला, तर अन्यथा धडधाकट असलेली गाडी भंगारात जाते. स्वतंत्र नियंत्रक तिला जीवदान देतो. बंद मार्गावरील शर्यतींची तर त्याशिवाय कल्पनाच करता येत नाही. आणि पेट्रोलच्या मोटारीला नंतर बसविलेल्या आधुनिक सीएनजी किटमध्ये गॅसची फवारणी सांभाळणारा जो दुसरा नियंत्रक असतो, तोही त्रयस्थाचाच असतो. म्हणजे ज्या वस्तूविषयी वाद आहे, ती शेकडो टॅक्सी आणि खासगी मोटारींतून आजही कायदेशीरपणे फिरते आहे.

तिसरा मुद्दा हक्काचा. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राच्या आत पाहण्याचा अधिकार मालकाला आहे की नाही? अमेरिकेत २०१५ मध्ये स्वामित्वहक्काच्या कायद्याला एक अपवाद मान्य करण्यात आला. गाडीची दुरुस्ती, दोषशोधन आणि कायदेशीर फेरफार यांसाठी मालकाने आज्ञावलीचे कुलूप काढणे हा त्यामुळे त्या कायद्याचा भंग ठरत नाही. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचे बिंग फुटले. आपली चाचणी चालली आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली त्या कंपनीच्या जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींत होती. रस्त्यावर त्यांतील काहींचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. कुलूप उत्पादकाच्या हाती असले म्हणजे हवा सुरक्षित राहते, या समजुतीला त्यानंतर आधार उरला नाही.

नावेची बाजू

परंतु या हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच जड आहे. उत्पादकाने राखलेला हात निष्कारण राखलेला नसतो. वाढीव ताकद क्लच, गिअरपेटी आणि टर्बो यांच्या आयुष्यातून वसूल होते. ठिणगी प्रमाणाबाहेर अलीकडे आणली की मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके पडू लागतात आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. उत्पादकाची हमी धोक्यात येते; विमा कंपनीला न कळविता केलेला बदल दावा फेटाळण्यास कारण ठरू शकतो. हे सारे नुकसान मालकाचे स्वतःचे आहे, तेव्हा ते त्याने जाणूनबुजून पत्करले तर इतरांनी आक्षेप का घ्यावा, असे कोणी म्हणेल. याला दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की, नुकसान नेहमीच त्याच मालकाचे होत नाही. वर्षभर ताणून वापरलेली गाडी विकण्यापूर्वी मूळ तक्ते पुन्हा भरता येतात. साध्या पाहणीत त्याचा मागमूस लागत नाही. विक्रेत्याला सर्व ठाऊक आणि ग्राहकाला काहीच नाही, अशा बाजारात चांगल्या मालाचीही किंमत पडते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले होते. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिद्धान्ताला इतके चपखल उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुसरे उत्तर हवेविषयीचे आहे. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीची चर्चा करताना शहरांतील धुराचा दाखला दिला होता. ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो, त्याच्या खतावणीत त्या धुराचा खर्च कोठेच पडत नाही. फेरफार केलेल्या नियंत्रकाचेही तसेच आहे. ताकदीचा लाभ चालकाला आणि धुराचा भार मागच्या दुचाकीवरील मुलाला. भारत स्टेज ४ मध्ये डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. स्टेज ६ मध्ये ती ८० वर आणण्यात आली. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांपासून मोटार कारखान्यांपर्यंत मोठी गुंतवणूक झाली आणि तिची किंमत प्रत्येक ग्राहकाने मोजली. ही सारी कमाई लॅपटॉपच्या एका जोडणीने पुसता येते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषणरोधक यंत्रणा अशा साधनांनी निकामी करण्यात आली होती. त्या गाड्यांच्या आयुष्यभरात सुमारे ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल, असा त्या संस्थेचा अंदाज होता. युरोपात मालट्रकांच्या तपासणीत अशी उपकरणे सापडली आहेत, जी युरियाचे द्रावण संपले असतानाही ते फवारले जात असल्याचे नियंत्रकाला भासवितात. यात ट्रकमालकाचा युरियाचा खर्च वाचतो, एवढाच हेतू. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एखादा संवेदक बिघडल्यामुळे भर महामार्गावर ट्रकची ताकद आपोआप उतरते, अधिकृत दुरुस्तीला वेळ आणि पैसा दोन्ही फार लागतात, आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी माणूस आडमार्गाला लागतो. सगळाच दोष लोभाच्या माथी मारून चालणार नाही.

कायदा आणि तपासणी

भारतातील कायदा वरवर कठोर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न होतील असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रुंद टायर किंवा फटाके फोडणारा सायलेन्सर शिपायाला दिसतो, ऐकू येतो. पण स्मृतीतील आकड्यांना रंग नाही, आवाज नाही आणि नोंदणीपत्रात रकानाही नाही. पीयूसी केंद्रावरील तपासणीची रचना पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची दाटी मापण्यासाठी झालेली आहे. नायट्रोजन ऑक्साइड मापण्यासाठी नाही. शिवाय उभ्या गाडीची ही तपासणी, आणि बहुतेक फेरफारांचा परिणाम दिसतो तो गाडी जोरात पळविल्यावर. जो गुन्हा तपासताच येत नाही, त्याची शिक्षा कितीही मोठी केली तरी धाक वाढत नाही.

परिणाम बघा, डबा नको

मग सरसकट बंदी की सरसकट मोकळीक? दोन्ही टोके टाळणारी वाट कॅलिफोर्नियात पूर्वीच आखली गेली आहे. तेथे त्रयस्थाच्या सुट्या भागाने प्रदूषण वाढत नाही हे त्याच्या उत्पादकाने चाचणीने सिद्ध केले, तर राज्याचे हवा मंडळ त्याला मंजुरीचा क्रमांक देते. जुलै २०२१ पासून तेथील नियतकालिक तपासणीत नियंत्रकातील आज्ञावलीची ओळखखूणही वाचली जाते; ती मूळ किंवा मंजूर नसेल तर गाडी नापास होते. धूर मापण्यापेक्षा हे काम सोपे आणि स्वस्त आहे, कारण उत्तर गाडीच्या संगणकातच असते.

भारताला हे सर्वस्वी नवे नाही. सीएनजी किटची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी होते, परिवहन कार्यालयात नोंद होते आणि २०२२ मध्ये स्टेज ६ च्या मोटारींनाही ही वाट मोकळी करण्यात आली. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या चाचणीसंस्था हाताशी आहेत. हीच पद्धत नियंत्रकांना लावावी. विक्रेत्याने आपल्या खर्चाने चाचणी करून क्रमांक मिळवावा. तो नोंदणीपत्रात चढवावा, म्हणजे पुढच्या ग्राहकाची फसवणूक टळेल. आणि पीयूसी केंद्रावर आज्ञावलीची ओळखखूण वाचली जावी. शर्यतीच्या गाड्यांची नोंद वेगळी ठेवून त्यांना सार्वजनिक रस्ता बंद करावा. त्याबरोबरच उत्पादकांवरही बंधन हवे: मॉडेल बंद झाल्यावर ठराविक वर्षे नियंत्रक पुरविणे आणि दोषशोधनाची माहिती स्वतंत्र मेकॅनिकला रास्त दरात देणे. प्रामाणिक दुरुस्ती परवडली, तर आडमार्गाचे गिऱ्हाईक आपोआप घटेल.

चाचणीच्या खर्चाने छोटे व्यावसायिक बुडतील, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. एकाच इंजिन-कुळातील सर्व गाड्यांना एक चाचणी पुरेशी मानली आणि मंजूर आज्ञावली भरण्याचा परवाना गॅरेजना दिला, तर तो खर्च पुष्कळांत वाटला जाईल. उलट आजच्या अंधारात प्रामाणिक गॅरेजचेच नुकसान होते. कारण धुराची पर्वा न करणारा शेजारी तेच काम निम्म्या दामात करून देतो.

कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू फिरविण्याचे स्वातंत्र्य होते, तेव्हा रस्त्यावर गाड्या थोड्या होत्या आणि धुराची मोजदाद कोणी करत नव्हते. आता गाड्यांची दाटी झाली आहे आणि धूर मोजण्याची साधनेही आहेत. आपल्या मालकीच्या गाडीत फेरफार करण्याचा हक्क मालकाला जरूर असावा. परंतु त्या फेरफाराचा हिशेब नोंदणीपत्रात आणि तपासणीत उघड मांडण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असली पाहिजे.