पानं नीट पिसलीत का?

मे महिन्याच्या सुट्टीत पत्त्यांचा डाव बसला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : पिसणी कोणावर? हरलेल्यानं पिसायचं, शेजारच्यानं कापायचं, मग वाटायचं. एखादा दोनदाच हात फिरवून वाटायला लागला की बाकीचे ओरडायचे, ‘अरे, नीट पिस!’ त्या ओरडण्यात केवढं गणित होतं, हे खूप उशिरा कळलं. चार गावांतली चौघं पडद्यासमोर बसून खेळू लागली तेव्हा पिसणी यंत्रावर आली. मग यंत्राला तरी नीट पिसता येतं का, याचा शोध गणितज्ञांना आणि संगणकशास्त्रज्ञांना खरोखरच घ्यावा लागला.

उदाहरण ब्रिजचं घेऊ. समोरासमोर बसलेले दोघं भिडू, प्रत्येकाला 13 पानं, आधी बोली आणि मग खेळ. आजचा ‘कॉन्ट्रॅक्ट ब्रिज’ अमेरिकेच्या हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 साली एका सागरप्रवासात घडवला. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, ते याच खेळात. इंटरनेटवर ब्रिज 1990च्या सुमारास पोचला आणि 2020 मध्ये करोनानं क्लबांना कुलपं लावली तेव्हा स्पर्धाच्या स्पर्धा पडद्यावर गेल्या.

पत्त्यांच्या इतर खेळांत चांगली पानं आली की माणूस जिंकतो. ब्रिजच्या स्पर्धेत ही नशिबाची बाजू काढून टाकलेली असते. तोच डाव, तीच 52 पानं, त्याच चार दिशांना, प्रत्येक मेजावर खेळली जातात. तुमच्या जोडीची तुलना शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी होत नाही. तुमच्याच दिशेला बसून तीच पानं खेळलेल्या दुसऱ्या मेजांवरच्या जोड्यांशी ती होते. हाती एकही चित्र नसलं तरी इतरांपेक्षा कमी नुकसान सोसलं तर तुम्ही पहिले येऊ शकता. माझ्या मते पत्त्यांच्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे. प्रयोगशाळेत बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतात, अगदी तशी.

क्लबात यासाठी केवढी यातायात असते! चार कप्प्यांच्या ‘बोर्ड’मध्ये पानं जपून ठेवायची. प्रत्येक फेरीनंतर पूर्व-पश्चिमेच्या जोड्या पुढच्या मेजावर जाणार, बोर्ड उलट दिशेनं मागच्या मेजावर. मेजांची संख्या सम असेल तर निम्म्या वाटेवर जोड्यांना आपणच खेळलेले बोर्ड पुन्हा भेटतात, म्हणून एक मेज ओलांडून पुढं जायचं. ही सगळी कवायत पडद्यावर एका झटक्यात संपली. पन्नास मेजांवर एकच डाव एकाच क्षणी उघडता येतो. पण त्याचबरोबर एक जोखीम वाढली. यंत्रानं पिसण्यात चूक केली तर ती पन्नासही मेजांवर जाते.

आता आकडे पाहू. 52 पानांचे क्रम किती? 8च्या पुढे 67 शून्यं द्यावीत, साधारण इतके. ब्रिजमध्ये हातात आलेल्या 13 पानांचा आपसांतला क्रम महत्त्वाचा नसतो, त्यामुळे वेगवेगळे डाव कमी भरतात. तरी ते 5च्या पुढे 28 शून्यं, याहून थोडे जास्तच आहेत. संगणकाला मनानं काही सुचत नाही. तो एका सुरुवातीच्या संख्येपासून, म्हणजे ‘बीजा’पासून, ठरलेल्या सूत्रानं पुढच्या संख्या काढतो आणि त्या यादृच्छिक भासतात. बीज तेच दिलं तर डावही तेच येणार. बीज 32 बिटांचं असेल तर ते जास्तीत जास्त 429 कोटी प्रकारचं असू शकतं. म्हणजे असा प्रोग्रॅम जन्मभर चालवला तरी बाकीचे अगणित डाव त्याच्या हातून कधीच पडणार नाहीत. ब्रिजचे सगळे डाव आवाक्यात यायला बीज किमान 96 बिटांचं हवं.

हा दोष कागदावरचा वाटेल, पण त्यानं खरोखर घात केला. 1999 साली अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या अभ्यासकांनी एका ऑनलाइन पोकरची पिसण्याची पद्धत तपासली. खेळ प्रामाणिक आहे हे दाखवण्यासाठी ती बनवणाऱ्यांनीच उघड केली होती. तिचं बीज घड्याळातून घेतलेलं निघालं : मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद उलटले, ती संख्या. दिवसात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख, म्हणजे पिसण्याचे प्रकारही तेवढेच. अभ्यासकांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं तेव्हा शक्यता उरल्या सुमारे 2 लाख. हातातली 2 आणि मेजावर उघडलेली 3 पानं दिली की त्यांचा प्रोग्रॅम त्या शक्यतांतून नेमका क्रम शोधून काढे. मग बाकीच्यांच्या हातातली पानं, आणि पुढं कोणतं पान उघडणार तेही, सगळं समोर.

त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरीही एक चूक होती, आणि ती आजही शिकाऊ प्रोग्रॅमर हटकून करतात. प्रत्येक पान उचलायचं आणि कॅटमधल्या कुठल्याही पानाशी अदलाबदल करायची. दिसायला यात काहीच वावगं नाही. तीनच पानं घेऊन पाहा. तीन वेळा, दर वेळी तीन पर्याय, म्हणजे 27 वाटा. तीन पानांचे क्रम मात्र 6. सहा जणांत 27 आंबे अख्खे ठेवून सारखे वाटता येत नाहीत, तसंच इथं होतं : तीन क्रमांच्या वाट्याला चार-चार वाटा येतात, उरलेल्या तिघांच्या वाट्याला पाच-पाच. काही क्रम कायमचे लाडके होऊन बसतात.

बरोबर पद्धत 1938 सालीच छापली गेली होती. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी जीवशास्त्र, शेती आणि वैद्यकातल्या संशोधनासाठी केलेल्या कोष्टकांच्या पुस्तकात ती दिली होती. कोणत्या वाफ्यात कोणतं वाण लावायचं, हे पक्षपात न करता ठरवायचं तर क्रम नीट मिसळावा लागतोच. 1964 मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकाच्या सोयीची केली. एका जागेसाठी 52 पानांतून एक निवडा आणि ते बाजूला ठेवा. पुढच्या जागेसाठी उरलेल्या 51 मधून, मग 50 मधून. एकदा बसलेलं पान पुन्हा हलवायचं नाही. अशा वाटा मोजल्या तर त्या क्रमांइतक्याच भरतात, एकही जास्त नाही.

आणि आपले हात? डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 मध्ये दाखवलं की कॅटचे दोन भाग करून, अंगठ्यांनी कडा सोडत पानं एकमेकांत गुंफली, तर असं सात वेळा केल्यावर 52 पानं पुरेशी मिसळतात. डायकोनिस तरुणपणी जादूगार होते. पत्ता मुद्दाम जागेवर कसा ठेवायचा हे ठाऊक असलेल्या माणसानंच तो जागेवर कधी राहत नाही हे शोधलं. आपल्या घरांत मात्र गठ्ठा एका हातात धरून थोडी थोडी पानं दुसऱ्या हातात सोडायची रीत आहे. त्या रीतीनं पुरेसं मिसळायला फेऱ्या हजारांच्या घरात लागतात. तेव्हा लहानपणीची ती ओरड अगदी रास्त होती.

याचा एक परिणाम ब्रिजवाल्यांनी प्रत्यक्ष अनुभवला. क्लबांत संगणकानं पिसलेले डाव आले तेव्हा जुन्या खेळाडूंनी तक्रार केली की हे डाव विचित्र पडतात, हुकमाची पानं एकाच हातात गोळा होतात. हिशेब सांगतो की प्रतिस्पर्ध्यांकडे हुकमाची पाच पानं असतील तर 100 पैकी 68 वेळा ती तीन-दोन अशी विभागली जातात, 28 वेळा चार-एक आणि 4 वेळा पाचही एकाकडे. म्हणजे साधारण तीनात एकदा वाटणी वाकडी पडायलाच हवी. हातानं पिसताना, आधीच्या डावात हातांच्या रूपानं गोळा झालेली एकाच रंगाची चार-चार पानं एकमेकांना चिकटून राहायची आणि वाटताना चौघांना एकेक जायची. वर्षानुवर्षं ज्याला नेहमीचा डाव म्हटलं, तो अर्धवट पिसलेला डाव होता.

पिसणं जमलं तरी पडद्यावर आणखी एक पेच उरतो : मधल्या सर्व्हरला सगळ्यांची पानं माहीत असतात. कुणालाच माहीत नसताना पत्ते वाटता येतील का? आरएसए या सांकेतिक पद्धतीचे जनक रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी 1979 मध्ये या प्रश्नावर लिहिलं. समजा 52 डब्यांत एकेक पान ठेवून मी प्रत्येकाला माझं कुलूप लावलं आणि डबे मिसळून तुमच्याकडे पाठवले. तुम्ही माझ्यासाठी काही डबे निवडून परत दिले. ते मी उघडले. तुमच्यासाठी निवडलेल्यांवर तुम्ही तुमचंही कुलूप चढवून मला पाठवले. मी माझं कुलूप काढलं आणि डबे तुम्हाला परत दिले. आता त्यांवर फक्त तुमचं कुलूप. मला तुमचं पान दिसलं नाही, तुम्हाला माझं नाही, आणि तिसरा माणूस लागलाच नाही. कुलुपं कोणत्याही क्रमानं काढता यावीत एवढीच अट. तशी कुलुपं अंकगणितातून बनवता येतात. रोजच्या स्पर्धांत मात्र आजही सर्व्हरवरच भरवसा ठेवला जातो.

भिडूंची लबाडी ही वेगळी गोष्ट. 1975 च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून मेजावर आडवा पडदा लावला, तर इटलीच्या एका जोडीतला खेळाडू मेजाखालून भिडूच्या पायाला स्पर्श करताना पकडला गेला. मग पडदा जमिनीपर्यंत नेला. ऑनलाइनमध्ये लबाड माणूस दुसऱ्या नावानं प्रेक्षक म्हणून शिरतो आणि चारही हात पाहतो. त्याला डोळ्यांनी पकडता येत नाही, संख्याशास्त्र पकडतं. चारही हात उघडे धरून कोणती उतारी सर्वांत फायद्याची ठरली असती, हे संगणक प्रत्येक डावासाठी काढू शकतो. चांगला खेळाडूही आंधळेपणानं उतारी करताना काही वेळा चुकतोच. शेकडो डावांत जो इतरांच्या मानानं जवळजवळ चुकतच नाही, त्याच्याकडे पंचांचं लक्ष जातं.

हॉलंडच्या हान्स व्हॅन स्टॅव्हरन यांनी लिहिलेला ‘बिग डील’ हा डाव पाडणारा प्रोग्रॅम मोठ्या स्पर्धांत वापरला जातो. त्याचं बीज 160 बिटांचं आहे. पहिल्यांदा चालवताना तो माणसाला कळफलकावर मनाला येईल तशी बटणं दाबायला सांगतो आणि दोन दाबांमधल्या वेळेच्या बारीक फरकांतून बीज बनवतो. तुम्ही ऑनलाइन स्पर्धा खेळत असाल किंवा आपल्या क्लबासाठी भरवत असाल, तर पुढच्या वेळी संयोजकांना तोच सुट्टीतला प्रश्न विचारा : पिसणी कोणावर आहे, आणि त्याचं बीज किती बिटांचं आहे?