आंबट पेय आणि जठरातलं आम्ल

पीएच मोजपट्टी : डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. एक अंक उतरला की आम्लता दहापट!

कशाचा किती? दूध सुमारे ६.५, काळी कॉफी ५, ताक ४.५, कोला २.५, लिंबाचा रस २ ते २.५. जठररस १.५ ते ३.५. त्यामुळे लिंबू सरबत पोचतं तिथे सहसा त्याहून तीव्र आम्ल आधीच असतं. प्रथिनं पचवणारं पेप्सिन अशा आम्लातच काम करतं.

जळजळ : बहुतेकदा अन्ननलिकेत, जठरासारखं श्लेष्माचं जाड अस्तर तिला नसतं. कोल्यातल्या वायूने जठर ताणलं, जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैलावली, की आम्ल वर चढतं.

अल्सर : मुख्य कारणं आंबट पेयं नव्हेत, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणू आणि काही वेदनाशामक गोळ्या. जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल.