ट्रकखालचा तहानलेला दगड

सिग्नलला एखादा मोठा ट्रक शेजारी उभा असतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर नाही, हात कशाला लागलेला नाही, इंजिन संथ धडधडतंय. आणि अचानक चेसिसखालून ‘फुस्स’ असा जोराचा आवाज येतो. दुचाकीवाला दचकतो, टायर गेला की काय म्हणून खाली वाकून बघतो. टायर शाबूत असतात. पावसाळ्याचे दिवस असतील आणि नजर नेमकी तिथेच गेली, तर डांबरावर तेलकट पाण्याचे शिंतोडे उडालेले दिसतात. मोठ्या आवाजामागून बारीक सुस्कारा पंधरा-वीस सेकंद चालू राहतो आणि थांबतो.

हँडब्रेक लावताना किंवा पायब्रेक सोडताना येणारा आवाजही हवेचाच, पण तो ड्रायव्हरने काही केलं की येतो. हा कुणीही काही न करता येतो. तो एअर ड्रायर नावाच्या, डबाभर आकाराच्या भागाचा आहे. त्या पंधरा-वीस सेकंदांत त्या डब्यात जे घडतं, त्याच्याइतकं देखणं काम अख्ख्या ट्रकमध्ये दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

ट्रक, बस, ट्रेलर यांचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, दाबतो आणि चेसिसला बांधलेल्या टाक्यांत भरतो. गेजचा काटा आठ बारच्या आसपास पोचला, की बाहेरची नऊ घनमीटर हवा एका घनमीटरच्या जागेत कोंबली गेलेली असते. पायब्रेक दाबला की हीच हवा चाकांजवळच्या चेंबरमध्ये धावते आणि ब्रेक लावते. हँडब्रेकचं मात्र उलट असतं. तिथे एक दणकट स्प्रिंग ब्रेक आवळून बसलेली असते आणि हवा तिला मागे रेटून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि गाडी जागच्या जागी जखडते. म्हणजे थांबायलाही हवा लागते आणि चालायलाही.

पण बाहेरची हवा कधीच नुसती हवा नसते. तिच्यात वाफ असते, आणि तिचा हिशोब मोठा मजेशीर आहे. एखाद्या जागेत किती वाफ मावेल हे ठरतं तापमानावर. त्या जागेत हवा साधी आहे की दाबून भरलेली, याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटरमध्ये फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. जुलैतल्या पनवेल-पेणची हवा घ्या. आर्द्रता ९० टक्के धरली, तर घनमीटरमागे २७ ग्रॅम वाफ. अशी नऊ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली, की तिच्यासोबत २४३ ग्रॅम वाफ आत आली. मावणार आहेत फक्त ३०. उरलेल्या २१३ ग्रॅमना पाणी होण्यावाचून गत्यंतर नाही. ट्रकच्या टाक्या मिळून १०० लिटरच्या धरल्या, तरी प्रत्येक वेळी त्या रिकाम्या होऊन भरल्या की वीसेक ग्रॅम पाणी. बोरघाट किंवा कसारा उतरताना ड्रायव्हर पुन्हा पुन्हा ब्रेक मारतो, कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा भरतो, आणि ग्रॅमाग्रॅमाने पाणी साचत जातं.

यात एक फसवी गोष्ट आहे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हे पाणी दिसतच नाही. दाबताना हवा भयंकर तापते, दीडशे अंशांच्याही वर जाते, आणि तापलेल्या हवेच्या जागेत वाफ आरामात राहते. पाणी सुटतं ते पुढे, हवा निवताना. म्हणजे नेमकं टाक्यांत, नळ्यांत, व्हॉल्व्हांत, जिथे ते अजिबात नको असतं.

तिथे ते काय करतं? टाकीला आतून गंज चढवतं. गंजाचे कण पुढे व्हॉल्व्हांत जाऊन अडकतात. रबरी सील ज्या ग्रीसवर सरकतात ते ग्रीस धुऊन नेतं. आणि मनाली-लेह रस्त्यावर किंवा झोजिलाच्या बाजूला, पारा शून्याच्या खाली गेलेल्या पहाटे, ते नळीत गोठतं. बर्फाच्या बारीक खड्यानेही व्हॉल्व्ह अडकू शकतो. मग ब्रेक लागत नाही, किंवा लागलेला सुटत नाही. थंड देशांत यावर उपाय म्हणून पूर्वी हवेच्या वाटेवर अल्कोहोलची वाफ सोडत, म्हणजे पाणी गोठायचं टळे. आपल्याकडे रोजचा उपाय साधा होता: मुक्कामाला गाडी लागली की क्लीनरने टाक्यांखालचे ड्रेन कॉक ओढायचे आणि पाणी काढून टाकायचं. ते काम चुकलं की पाणी आतच राहायचं.

ड्रायर हे काम टाकीच्या आधीच, वाटेतच करून टाकतो. कॉम्प्रेसरपासून त्याच्यापर्यंत येणारी धातूची नळी मुद्दाम लांब ठेवलेली असते, कारण तिचं काम हवा निववण्याचं असतं. निवलेली हवा ड्रायरमध्ये शिरते, भिंतीला घासत फिरते, आणि पाण्याचे व कॉम्प्रेसरमधून आलेल्या तेलाचे थेंब तळाच्या खोलगट भागात उतरतात. मग एक गाळणी, जी तेलाचे धुक्यासारखे बारीक कणही एकत्र करून थांबवते. आणि शेवटी कार्ट्रिज: साधारण किलोभर, दोन-तीन मिलीमीटरच्या, मातकट पांढऱ्या मण्यांनी गच्च भरलेलं.

हे मणी झिओलाइटचे असतात. झिओलाइट हा एक दगड आहे, आणि महाराष्ट्राच्या जमिनीत तो जगातल्या कुठल्याही मुलखाहून कमी देखणा सापडत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला, पोकळ्या राहिल्या. नंतर कोमट-गरम पाणी त्या खडकांतून झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे स्फटिक उगवले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी कडे फोडले गेले तेव्हा अशा पोकळ्या उघड्या पडल्या. आज पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते आपल्यालाही जवळून बघता येतात.

या दगडाचं गुपित १७५६ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञाच्या ध्यानात आलं. त्याने स्टिल्बाइटचा तुकडा ज्योतीत धरला आणि दगडातून वाफ उसळताना पाहिली. पाणी दगडाला चिकटलेलं नव्हतं, दगडाच्या आतच राहत होतं. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी बांधलेली ती एक पोकळ इमारत आहे, खोल्याच खोल्या आणि खिडक्याच खिडक्या असलेली. एका ग्रॅमच्या आत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. किलोभर मण्यांचं कार्ट्रिज म्हणजे घडी घालून डब्यात ठेवलेली कित्येक एकर जमीन.

ड्रायरमधला झिओलाइट मात्र खाणीतला नसतो. १९४९च्या सुमाराला अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन या रसायनशास्त्रज्ञाने निसर्गात न सापडलेली एक झिओलाइट रचना प्रयोगशाळेत घडवली. तिच्या एका प्रकाराच्या खिडक्या मिलीमीटरच्या पंचवीस लाखाव्या भागाएवढ्या आहेत. पाण्याचा रेणू त्यातून सहज जातो. खरं तर नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणूही जाऊ शकतात, म्हणून केवळ आकाराने चाळणारी चाळणी असं याला म्हणणं पुरेसं नाही. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. झिओलाइटच्या खोल्यांत सोडियमचे धनभारित अणू बसलेले असतात, आणि ते पाण्याला घट्ट धरतात, हवेला जाऊ देतात. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी हे मणी पोटात घेऊ शकतात.

आता खरी अडचण. किलोभर मण्यांची तहान कधीतरी भागणारच. क्रोनस्टेटसारखं त्यांना तापवून वाळवायचं, तर धावत्या ट्रकखाली भट्टी कुठून आणायची?

इथे तो ‘फुस्स’ येतो. टाक्या भरल्या, काटा ठरलेल्या दाबाला पोचला, की गव्हर्नर कॉम्प्रेसरला थांबायची खूण करतो. त्याच क्षणी ड्रायरच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडतो. आतली हवा एका दमात बाहेर फेकली जाते आणि तळाशी जमलेलं तेलपाणी सोबत घेऊन जाते. हा पहिला मोठा आवाज. मुख्य टाक्यांची हवा सुटत नाही, कारण मधे एकमार्गी व्हॉल्व्ह आहे. पण शेजारी पाचेक लिटरची एक छोटी टाकी मुद्दाम ठेवलेली असते आणि तिच्यात नुकतीच वाळवलेली हवा भरलेली असते. ती हवा एका बारीक छिद्रातून उलट दिशेने मण्यांतून वाहू लागते. हाच तो सुस्कारा. वाहताना तिचा दाब आठ बारवरून बाहेरच्या हवेएवढा खाली येतो, ती नऊपट पसरते, आणि आधीच कोरडी असलेली हवा आणखी नऊपट विरळ, आणखी तहानलेली होते. मण्यांमधलं पाणी ती ओढून घेते आणि रस्त्यावर सोडते. हे सगळं काम दाबाने आणि दाब सोडण्याने होतं. भट्टी लागत नाही.

एवढीशी हवा पुरते कशी? आकडे मांडून बघितले की मन थक्क होतं. १०० लिटरच्या टाक्यांचा दाब सात बारवरून आठवर न्यायचा, तर बाहेरची १०० लिटर हवा आत घ्यावी लागते. पनवेलच्या त्या जुलैत तिच्यासोबत २.७ ग्रॅम पाणी येतं. दाबून आणि ३० अंशांपर्यंत निववून ही हवा ११ लिटरच्या जागेत बसते आणि तिथे वाफ मावते जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. बाकीचे सव्वादोन-अडीच ग्रॅम आधीच थेंब होऊन तळाशी गेले. मण्यांच्या वाट्याला आला तो एक तृतीयांश ग्रॅम. आणि छोट्या टाकीतली पाच लिटर हवा पसरून ४० लिटरभर वाहते, तेव्हा ती एक ग्रॅमहून जास्त वाफ वाहून नेऊ शकते. म्हणजे जेवढी ओल मण्यांत शिरली तिच्या तिप्पट बाहेर काढायची ताकद त्या सुस्काऱ्यात आहे. प्रत्यक्षात हवा याहून गरम असते आणि सगळे आकडे वाढतात, पण आत येणाऱ्याचे आणि बाहेर जाणाऱ्याचे जवळपास सारखेच. जिने जागा आवळून पाणी पिळलं, त्याच हवेचा थोडा भाग मोकळा करून मणी वाळवायचे, इतकी साधी ही युक्ती आहे.

ही युक्ती अमेरिकेत एसो कंपनीच्या संशोधन विभागातल्या चार्ल्स स्कारस्ट्रॉमने बसवली. तिचं पेटंट १९६० सालचं आहे. त्याच्या मांडणीत दोन नळकांडी होती, एक दाबाखाली काम करत असताना दुसरं दाब सोडून वाळायचं. २०२१च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत, घराघरांत आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि रुग्णालयांच्या आवारात उभे राहिलेले प्राणवायू प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. तिथेही मणी झिओलाइटचेच, फक्त पकडायचा असतो नायट्रोजन, म्हणजे उरलेल्या हवेत प्राणवायू दाट होतो. त्या यंत्रांमधून ठरावीक वेळाने येणारी ‘फुस्स’ कितीजणांनी रात्र-रात्र ऐकली असेल.

ट्रकला बहुतेक वेळा एकच नळकांडं असतं. कॉम्प्रेसर थांबेल तेव्हा ते वाळेल, असा त्यामागचा भरवसा. म्हणून ड्रायरला विश्रांती लागते, आणि ती न मिळणं हे त्याच्या बिघाडाचं मोठं कारण आहे. शहरी बस दर दोन-तीनशे मीटरला थांबते, दारंही हवेने उघडते-मिटते, काही बसचं सस्पेन्शनही हवेचंच. कॉम्प्रेसरला उसंत नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये हेच एका गळक्या नळीमुळे होतं: हवा भरत राहते, ठरलेला दाब येत नाही, व्हॉल्व्ह उघडत नाही, मणी भिजत राहतात. दुसरा शत्रू तेल. झिजलेला कॉम्प्रेसर जास्त तेल सोडू लागला, की मण्यांवर तपकिरी थर चढतो आणि खिडक्याच बंद होतात. पाणी वाळवता येतं, तेल नाही.

तपासायची रीत आजही जुनीच आहे, ड्रेन कॉक ओढून पाहायची. नुसती हवा आली तर ड्रायर ठणठणीत. पाणी आलं तर मण्यांची ताकद संपली. पांढरी पूड आली तर मणी फुटून त्यांची पूड पुढे गेली, आणि ते व्हॉल्व्हांसाठी पाण्याहून वाईट. कार्ट्रिज दोन्ही वेळा बदलायचं. पण त्याआधी हवा कुठे गळतेय आणि कॉम्प्रेसर तेल का टाकतोय ते शोधायचं, नाहीतर नवं कार्ट्रिजही त्याच वाटेने जातं.